सदसद्विवेक कोणाचा?

टेनेसीचे गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी २७ एप्रिल २०१६ रोजी एका त्रोटक विधेयकावर स्वाक्षरी केली. मनाच्या व्यथा घेऊन आलेल्या व्यक्तीची उद्दिष्टे किंवा वर्तन आपल्या ‘प्रामाणिकपणे बाळगलेल्या तत्त्वांशी’ विसंगत वाटल्यास तिला साहाय्य नाकारण्याची मुभा या कायद्याने समुपदेशकांना दिली. नकार देणाऱ्याने तिची दुसऱ्या समुपदेशकाकडे व्यवस्था लावून द्यावी, आणि ती स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला तातडीने अपाय करण्याचा धोका असेल तर नकार देऊ नये, अशा दोन अटी त्यात आहेत. एरवी या नकाराबद्दल ना दिवाणी दावा लावता येतो, ना फौजदारी खटला भरता येतो.

टेनेसीचे नाव निघाले की डेटन येथील १९२५ सालचा खटला आठवणे अपरिहार्य आहे. उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला तेव्हा शंभर डॉलर दंड ठोठावण्यात आला होता, आणि तो कायदा रद्द होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. त्याच परंपरेतील हा नवा अध्याय, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तथापि हॅस्लम यांनी त्याच एप्रिल महिन्यात बायबलला राज्याचा अधिकृत ग्रंथ ठरवणारे विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळले होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय १९२५ चा कायदा बंदी घालणारा होता. २०१६ चा कायदा सूट देणारा आहे. बंदी मोडणारा निदान न्यायालयात उभा राहतो आणि जगाला दिसतो. सुटीची झळ ज्याला लागते तो दारातूनच परत फिरतो आणि त्याची नोंदही कोठे होत नाही.

या कायद्याचे मूळ टेनेसीबाहेर आहे. मिशिगनमधील एका विद्यापीठात समुपदेशनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीने २००९ साली, नैराश्याने ग्रासलेल्या एका समलिंगी व्यक्तीला आपल्याऐवजी दुसऱ्याकडे पाठवावे अशी विनंती केली. तिला अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आले. ती न्यायालयात गेली. २०१२ साली अपील न्यायालयाने तिचा दावा पुन्हा जिवंत केला आणि वर्षअखेर विद्यापीठाने ७५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. तत्पूर्वी, २०११ सालीच, ॲरिझोनाने अशा विद्यार्थ्यांना संरक्षण देणारा कायदा केला होता. या वादांनंतर, २०१४ मध्ये, अमेरिकन समुपदेशक संघटनेने आपल्या आचारसंहितेत निःसंदिग्ध कलम घातले : केवळ स्वतःच्या मूल्यांशी विरोध येतो म्हणून समुपदेशकाने कोणालाही दुसरीकडे पाठवू नये. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा जून २०१५ चा निकाल त्यानंतर आला, आणि दक्षिणेकडील राज्यांच्या विधिमंडळांत धार्मिक स्वातंत्र्याच्या नावाने विधेयकांची रीघ लागली.

टेनेसीच्या आमदारांचा एक मुद्दा मात्र उडवून लावण्याजोगा नाही. राज्याच्या परवाना मंडळाने संघटनेची आचारसंहिता आपल्या नियमांत स्वीकारलेली असल्यामुळे तिचा भंग करणाऱ्याची उपजीविकाच धोक्यात येऊ शकत होती. लोकांनी न निवडलेल्या एका खासगी संघटनेने लिहिलेले कलम असे नियमाच्या वाटेने राज्यात अंमलात यावे काय, हा प्रश्न रास्तच होता. परंतु त्यावर विधिमंडळाने शोधलेले उत्तर वेगळेच निघाले. आचारसंहिता कोणी ठरवावी याचा निर्णय करण्याऐवजी, ती कोणावर लागू व्हावी हे ज्याने-त्याने आपल्या तत्त्वांनुसार ठरवावे, अशी मोकळीक त्याने दिली.

डॉक्टर आणि वकील यांनाही प्रकरण दुसऱ्याकडे सोपवता येतेच, मग समुपदेशकाला का नाही, असा युक्तिवाद हॅस्लम यांनी केला. साधर्म्य वरवर पटण्यासारखे आहे. पण हृदयविकाराच्या रोग्याला त्वचारोगतज्ज्ञ दुसरीकडे पाठवतो तो आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखून. रोग्याच्या वागण्याला नाक मुरडून नव्हे. ज्या विषयात आपली तयारी नाही तेथे दुसऱ्याकडे पाठवण्याची मुभा समुपदेशकाला त्या संहितेनेही दिलेलीच आहे. खरा फरक याहून खोल आहे. वकिलाकडे माणूस कागद घेऊन जातो. समुपदेशकाकडे तो जे घेऊन जातो ते बहुधा घरात, चर्चमध्ये, मित्रांतही बोललेले नसते, आणि ते उच्चारण्यासाठी त्याने अनेक महिने धीर गोळा केलेला असतो. आपली गोष्ट या समुपदेशकाच्या तत्त्वांत बसते की नाही, हे ती सांगितल्याखेरीज त्याला कळणार कसे? म्हणजे नकार येतो तो नेमका मन उघडे केल्यानंतर. ज्या धिक्काराच्या भीतीने तो येथवर आला, तोच धिक्कार सौम्य आवाजात आणि एका नव्या पत्त्यासह त्याच्या हाती पडतो.

त्या पत्त्याचेही बोलले पाहिजे. नॅशव्हिल किंवा मेम्फिससारख्या शहरात दुसरा समुपदेशक पुढच्या रस्त्यावर सापडेल. परंतु टेनेसीत ९५ कौंट्या आहेत. कंबरलँड पठारावरील किंवा ॲपलाचियन डोंगररांगांतील अनेक कौंट्यांत मानसोपचाराची सोय मुळातच तुटपुंजी आहे. तेथील एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला, ज्याच्याजवळ मोटारही नाही आणि आईवडिलांना कारण सांगण्याची सोयही नाही, साठ मैलांवरच्या समुपदेशकाचे नाव देणे ही व्यवस्था म्हणायची काय? कायद्याच्या अक्षरापुरती ती व्यवस्थाच आहे.

विधेयकाच्या मूळ मसुद्यात ‘धार्मिक श्रद्धा’ असे शब्द होते. ते बदलून ‘तत्त्वे’ हा शब्द घालण्यात आला. एका धर्माला झुकते माप दिल्याचा आक्षेप त्यामुळे टळला, पण दार अधिकच सताड उघडले. तत्त्व म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. टेनेसी आणि केंटकी यांच्या सीमेवर फोर्ट कॅम्बेलचा मोठा लष्करी तळ आहे. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेले कित्येक सैनिक त्याच्या परिसरात राहतात. युद्धाला पाप मानणाऱ्या समुपदेशकाने पलटणीत परतण्याची मनाची तयारी करू पाहणाऱ्या सैनिकाला परत पाठवले, तर तेही या कायद्यात बसेल. विधेयक मांडणाऱ्यांच्या मनात हा सैनिक खचितच नसावा.

राज्यसत्ता समुपदेशनाच्या खोलीत शिरली ती केवळ टेनेसीतच, असेही नाही. अल्पवयीनांचा लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांवर परवानाधारकांना बंदी घालणारा पहिला राज्य-कायदा कॅलिफोर्नियाने २०१२ साली केला. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत तशा कायद्यावर रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी स्वाक्षरी केली. आणि नंतरच्या वर्षांत वीसहून अधिक राज्ये त्या वाटेने गेली. कोलोरॅडोच्या २०१९ च्या कायद्याला एका समुपदेशिकेने दिलेल्या आव्हानाची ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा वाद याच मुद्द्यावर होता : समुपदेशकाचे बोलणे हा उपचार मानायचा की भाषणस्वातंत्र्याने संरक्षिलेले भाषण? पुराणमतवादी पक्ष त्याला भाषण म्हणतो आणि राज्याला दूर राहायला सांगतो. हा पवित्रा टेनेसीच्या कायद्याशी जुळतो, यात शंका नाही. दोन्हीकडे मोकळीक समुपदेशकाचीच मोठी होते. पण कॅलिफोर्नियाने व्यवसायाला हात घातला तो त्या खोलीतील दुर्बलाच्या बाजूने. टेनेसीने तो ज्याच्या हाती परवाना आहे त्याच्या बाजूने घातला. राज्याने हस्तक्षेप करावा की नाही, यापेक्षा हा भेद अधिक महत्त्वाचा आहे.

समुपदेशक संघटनेने निषेध म्हणून आपले २०१७ चे वार्षिक अधिवेशन नॅशव्हिलहून हलवून सॅन फ्रान्सिस्कोला भरवले. नॅशव्हिलच्या हॉटेलांचे काही उत्पन्न बुडाले. कायदा जागेवरच राहिला. बहिष्कारामागची चीड समजू शकते. परंतु ज्या राज्यात आचारसंहितेची बाजू समजावून सांगण्याची निकड सर्वांत अधिक होती, तेथूनच देशभरचे समुपदेशक दूर राहिले. दरम्यान, दावा लावण्याची वाट बंद झाल्यामुळे या कायद्याखाली किती जणांना परत पाठवले गेले, हे एखाद्या न्यायालयाच्या दप्तरातून उमगेल अशी शक्यताही उरली नाही.