शूटिंग करा, लांबून करा, मूळ फाईल जपा



‘ए, शूटिंग बंद कर!’ हा दम आला की बहुतेकांचा मोबाईल मुकाट्याने खिशात जातो. नाकाबंदी असो, मोर्चा असो वा विसर्जनाचा बंदोबस्त. आपली विनंती एवढीच की, डोळ्यांसमोर अन्याय होत असेल तर मोबाईल खिशात घालू नका.

सार्वजनिक जागी ड्युटीवरच्या पोलिसाचं चित्रण करायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. वर्ध्यात पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपिते अधिनियमाखाली दाखल झालेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केला. १९२३ च्या त्या कायद्यातल्या ‘प्रतिबंधित स्थळां’त पोलीस ठाणं बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही तीच भूमिका घेतली.

सरकारी कॅमेऱ्यांच्या भरवशावर राहता येत नाही. प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही हवा आणि चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी जपलं पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये, कोठडीतल्या मृत्यूंच्या आणि चालू नसलेल्या कॅमेऱ्यांच्या बातमीवरून त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तमिळनाडूतल्या साथानकुलम इथे जून २०२० मध्ये पोलिसांच्या मारहाणीनंतर बापलेक दगावले. ठाण्यातलं चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशीच तिथे व्यवस्था होती, हे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत निघालं. त्या घटनेच्या महिनाभर आधी अमेरिकेत मिनिआपोलिसच्या पोलिसांनी आपल्याच हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूचं कारण प्रकृतीची तक्रार असल्यासारखं निवेदन काढलं होतं. रस्त्यावरच्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मोबाईलने ते खोटं पाडलं.

म्हणून शूटिंग कराच, पण पुढचं भान ठेवून:

१. चार पावलं लांब उभे राहा. मध्ये पडू नका, शिवी देऊ नका, जमाव भडकवू नका. सरकारी कामात अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे. धक्काबुक्की झाली तर कलम १३२ लागतं. मागे सरकायला सांगितलं तर सरका आणि तिथून शूटिंग चालू ठेवा.

२. चेहऱ्याइतकीच नेमप्लेट, गाडीचा नंबर आणि जागा टिपा. बक्कल नंबर दिसला तर तोही बोलून नोंदवा.

३. व्हिडिओ पुसायला लावला तर नम्रपणे नकार द्या. मोबाईल जप्त करत असतील तर पंचनामा आणि पावती मागा.

४. मूळ फाईल कापू नका, तिच्यावर गाणं चढवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत कॉम्प्रेस झालेली असते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मोबाईलही सांभाळा. त्याच रात्री दुसरीकडे एक प्रत ठेवा.

५. लाइक्ससाठी टाकू नका. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. मार खाणाऱ्या माणसाची अब्रूही आपल्याच हातात असते.

पोलीस बांधवांनाही सांगणं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रण तुमच्यावरच बंधनकारक केलं आहे. कॅमेरा तुमच्या कामाचा भागच झाला आहे, मग नागरिकाच्या हातातल्या कॅमेऱ्याचं वावडं का? नियमाने वागणाऱ्या हवालदाराला खोट्या आरोपातून सोडवणारा साक्षीदारही तोच असतो.

मारहाण चालू असेल तर आधी ११२ ला फोन लावा. नंतर व्हिडिओसह लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जा. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणीही त्याच अर्जात, त्याच दिवशी करा. मुदत संपली की ते पुसलं जातं.