सॉलिसिटरांच्या पेढीतील उमेदवारी

मराठीत ‘उमेदवार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एखाद्या जागेसाठी अर्ज करणारा तो एक, आणि वेतनाची फारशी अपेक्षा न धरता काम शिकण्यासाठी कचेरीत बसणारा तो दुसरा. मुंबईच्या सॉलिसिटरांच्या पेढ्यांत दुसऱ्या अर्थाच्या उमेदवारांची परंपरा जुनी आहे. पहिल्या अर्थाच्या उमेदवाराला मात्र तेथे फारसे स्थान नाही. जागा किती, अर्ज कोणाकडे व केव्हा करावयाचा, निवड कोणत्या कसोटीवर होणार आणि विद्यावेतन काय मिळणार, यांपैकी कशाचीही जाहिरात बहुतेक पेढ्या करीत नाहीत. ज्याच्या घरी वकिली आहे किंवा ज्याच्या वडिलांचे पेढीशी अशील म्हणून संबंध आहेत, त्याला हे प्रश्न पडतच नाहीत. अंधेरीच्या शिक्षकाच्या मुलीला किंवा घाटकोपरच्या बँक कारकुनाच्या मुलाला ते पडतात आणि त्यांची उत्तरे देणारे कोणी भेटत नाही.

सॉलिसिटर ही संस्थाच आता उरली आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने कागदपत्रे सिद्ध करावयाची आणि अ‍ॅडव्होकेटने युक्तिवाद करावयाचा ही दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने १ जानेवारी १९७७ पासून संपली. कायद्याच्या दृष्टीने सर्वजण अ‍ॅडव्होकेट झाले. परंतु बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा चालूच राहिली आणि तिच्यासाठी अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणून काम करण्याची अटही राहिली. खरेदीखते, कंपन्यांचे करार, मृत्युपत्रे आणि मालकीहक्काची तपासणी या कामांत या शिक्षणाला आजही बाजारात मान आहे. परीक्षा सर्वांना खुली आहे, पण परीक्षेपर्यंत नेणारा जिना खाजगी घरातून जातो. मुख्य अडचण ती ही.

हा जिना कोणाच्या घरातून जात होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८३० साली स्थापन झालेली क्रॉफर्ड बेली, १८८३ ची वाडिया गांधी, १८९५ ची मुल्ला अँड मुल्ला ही फोर्टातील पेढ्यांची नावेच तो इतिहास सांगतात. व्यापार इंग्रज, पारशी आणि गुजराती समाजांच्या हाती होता, आणि व्यापाऱ्याने आपले कागद आपल्या माणसाकडे द्यावेत हे त्या काळाला धरूनच होते. मराठी सुशिक्षितांचा ओढा मुफसलच्या न्यायालयांकडे आणि अपील शाखेकडे राहिला. सॉलिसिटरचा शब्द किती निर्णायक असे, याचे उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात आहे. १९२३ साली त्यांनी मुंबईत बॅरिस्टर म्हणून व्यवसाय सुरू केला, तेव्हा मूळ शाखेतील काम सॉलिसिटरांच्या हातून येत असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बॅरिस्टराकडे ते काम येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या असलेल्या माणसाची ही अवस्था होती. त्यामानाने काळ पुष्कळच बदलला आहे हे खरे. पण ओळखीवर चालणारी व्यवस्था कोणाला वगळते याचा हिशेब ती स्वतः कधीच ठेवीत नाही.

या पेढ्यांत मराठी माणूस नव्हता असे मात्र नाही. तो मॅनेजिंग क्लार्क म्हणून होता. प्रोथोनोटरीच्या कार्यालयात कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, हे त्याच्याइतके भागीदारांनाही ठाऊक नसे. नव्या आर्टिकल्ड क्लार्कला दावा दाखल करण्याचे पहिले धडे पुष्कळदा त्यानेच दिले. त्याच्या स्वतःच्या मुलाला आर्टिकल्स मिळावेत असे त्यालाही क्वचितच वाटले असेल.

या साऱ्याची तुलना चार्टर्ड अकाउंटंटच्या उमेदवारीशी करावी. बोरिवली-मुलुंडच्या मध्यमवर्गीय घरांना ती परिचित आहे. तेथेही आर्टिकल्स आहेत आणि तेथेही ओळखी चालतात. तथापि उमेदवाराची नोंद संस्थेकडे होते आणि किमान विद्यावेतन नियमानेच ठरलेले आहे. ही रक्कम मोठी नाही, पण ती हक्काची आहे, दयेची नव्हे. कारखान्यातील शिकाऊ फिटरलासुद्धा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनाचे संरक्षण दिले. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्याला कायद्याचे असे संरक्षण नसावे, हा विनोद कडवट आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवोदित वकिलांना शहरांत दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, असे परिपत्रक काढले. ते शिफारशीच्या स्वरूपाचे आहे, आणि सनद घेतलेल्यांपुरते आहे. विद्यार्थिदशेतील उमेदवार त्याच्याही बाहेर राहतो. रेल्वेचा पास, दुपारचे जेवण आणि न्यायालयात घालावयाचा काळा कोट यांचा खर्च तीन वर्षे घरून करणे ज्यांना परवडते तेच टिकतात. पेढीला मग असे वाटू लागते, की टिकणारेच लायक असतात.

निवड गुणवत्तेवर होते, असे उत्तर मोठ्या पेढ्या देतील. त्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जाऊन मुलाखती घेतात. असे एक विद्यापीठ उपनगरातच, पवईला आहे. परंतु त्याची प्रवेश परीक्षा केवळ इंग्रजीत होते. उलट, राज्याच्या विधी महाविद्यालयांची सामाईक प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते, आणि उपनगरातील सामान्य विद्यार्थी येतो तो याच मार्गाने. त्याच्या महाविद्यालयात मुलाखतीसाठी कोणी येत नाही.

यात केवळ विद्यार्थ्याचे नुकसान होते असे नाही. मुंबईतील कायद्याच्या कामाचा मोठा भाग आज जमिनीचा आहे, आणि ती जमीन प्रामुख्याने उपनगरांतील आहे. बोरिवलीतील सोसायटीचा पुनर्विकास असो, मुलुंडमधील मानीव अभिहस्तांतरण असो की घाटकोपरच्या भूखंडाचा विक्री करार असो, मालकीहक्काचा दाखला देण्यापूर्वी अनेक वर्षांचे दस्त पाहावे लागतात. एकसर, नाहूर, किरोळ ही नावे दस्तांत अजून महसुली गावे म्हणूनच येतात. सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, हक्कसोडपत्र, वारसनोंद हे सारे मराठीत आहे; जुने कागद कधी मोडीतही सापडतात. फेरफाराच्या एका ओळीतील ‘सामाईक’ किंवा ‘इतर अधिकार’ हा शब्द चुकीचा वाचला गेला, तर कोट्यवधींचा व्यवहार दहा वर्षे न्यायालयात पडून राहू शकतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणि नगर भूमापनाच्या कचेरीत जाऊन हे कागद समजून घेणारा तरुण पेढीला हवाच असतो. तथापि मुलाखतीत पाहिली जाते ती इंग्रजी उच्चारांची सफाई. सफाईदार इंग्रजीला किंमत नाही असे आम्ही म्हणणार नाही. करार इंग्रजीतच लिहावा लागतो आणि तो चांगला लिहिता आला पाहिजे. मात्र इंग्रजी मसुदा तीन वर्षांत शिकवता येतो, आणि आर्टिकल्स आहेत ती त्यासाठीच.

सॉलिसिटर ही संस्था ज्या इंग्लंडातून आली, तेथे एकेकाळी आर्टिकल्ससाठी उमेदवारालाच पैसे मोजावे लागत. पुढे पेढ्यांनी अर्जाचे नमुने आणि मुदती जाहीर करावयास सुरुवात केली. २०२१ पासून तर तेथे नवी परीक्षा आली असून, दोन वर्षांचा अनुभव चारपर्यंत निरनिराळ्या संस्थांत मिळून पुरा करता येतो. त्यात विधी सहाय्य केंद्रातील कामही धरले जाते. तेथेही मोठ्या पेढ्यांत ठराविक विद्यापीठांचीच मुले अधिक दिसतात, ही तक्रार संपलेली नाही. तरीही एका पेढीने दार लावले म्हणून व्यवसायच बंद झाला, अशी स्थिती राहिली नाही.

पेढी ही खाजगी आहे, अशिलाची गुपिते तिच्याकडे असतात, तेव्हा विश्वासातला माणूसच घ्यावा लागतो, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. बँकांतही लोकांची गुपिते असतात आणि तेथील भरती परीक्षेने होते. विश्वास हा शिस्तीने आणि सहवासाने निर्माण होतो; आडनावाने तो निर्माण होतो, असा अनुभव निदान न्यायालयांचा तरी नाही.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पेढीकडे जाणारे त्यांचे अर्ज बहुधा एकाच साच्याचे असतात. आपण मेहनती आहोत, प्रामाणिक आहोत, संधी दिल्यास सोने करू, असे त्यांत लिहिलेले असते. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. बार कौन्सिलच्या नियमानुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे प्रत्यक्ष काम करावे लागते. ते आठवडे केवळ प्रमाणपत्रासाठी घालविणारे पुष्कळ आहेत. दिंडोशीच्या नगर दिवाणी न्यायालयात कोणता दावा पाहिला, अंधेरीच्या वा मुलुंडच्या दंडाधिकाऱ्यांपुढे जामिनाचा अर्ज कसा चालला, कोणत्या मिळकतीची सूची क्रमांक दोन काढून त्यात काय आढळले, हे एका पानात नेमकेपणाने लिहिणारा अर्ज भागीदाराच्या हातून सहज बाजूला पडणार नाही. असे पान लिहून घेणे हे महाविद्यालयांतील अध्यापकांचे काम आहे. व्याख्यानांच्या वेळापत्रकात त्याला एक तास मिळू शकतो.

अधिक जबाबदारी अर्थातच लॉ सोसायटीची आहे. उमेदवारांच्या आर्टिकल्सची नोंद तिच्याकडे होते. म्हणजे कोणत्या पेढीत किती उमेदवार आहेत हे तिला ठाऊक असते. वर्षातून एकदा सभासद पेढ्यांकडून रिकाम्या जागांची माहिती मागवावी, विद्यावेतनाच्या आकड्यासह ती प्रसिद्ध करावी, अर्जाचा एकच नमुना ठरवावा आणि मसुदालेखनाची व एक मराठी दस्त वाचण्याची लेखी चाचणी घ्यावी. अंतिम निवड पेढ्यांनीच करावी. तो अधिकार काढून घेण्याची गरज नाही. यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही, की उच्च न्यायालयात याचिका करावी लागत नाही. सोसायटीच्या समितीच्या एका बैठकीत एवढा ठराव होऊ शकतो.