विलीनीकरण कंपन्यांचे, भुर्दंड कष्टकऱ्यांना

बेंगळुरूच्या यशवंतपूर भागातील बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात. ट्रक कोणत्या गाळ्यावर लावायचा, माल उतरवायला किती हमाल लागतील, भाव काय निघाला, हे सारे आज मोबाइलवर ठरते. पलीकडे तुमकूर रस्त्यावर पीण्या औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. तेथील लहानमोठ्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराला उद्या काम आहे की नाही, हेही फोनवरच कळते. ज्याचा फोन बंद, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडण्याची धास्ती. मोबाइल ही श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. हमालाच्या हातातील आकड्याइतकेच ते कामाचे साधन झाले आहे. म्हणूनच मोबाइल कंपन्यांची विलीनीकरणे हा केवळ शेअर बाजाराचा विषय नव्हे. ती कष्टकऱ्यांच्या रोजच्या कमाईतून काय काढून घेतात, याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

एक सिमकार्ड, तीन मालक

मोबाइल सेवेची दारे खाजगी भांडवलाला 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने उघडून दिली. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि देशात मोबाइल सेवेला आरंभ झाला. त्या काळी एका मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. कर्नाटक परिमंडळात आरंभी जे. टी. मोबाइल्स आणि स्पाइस या दोन कंपन्यांना परवाने मिळाले. जे. टी. मोबाइल्स 1999 मध्ये भारती समूहाने घेतली. तीच आजची एअरटेल. स्पाइस 2008 मध्ये आयडियाने विकत घेतली. 31 ऑगस्ट 2018 रोजी आयडिया व व्होडाफोन यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. म्हणजे यशवंतपूरच्या ज्या ग्राहकाने आरंभी स्पाइसचे सिमकार्ड घेतले, त्याचा क्रमांक तोच राहिला, पण मालक तीन झाले. या व्यवहारांत त्याचे मत कोणी विचारले काय? नाही. ग्राहक हा जणू कंपनीच्या मालमत्तेचा भाग. मनोऱ्यांबरोबर आणि स्पेक्ट्रमबरोबर तोही हस्तांतरित झाला.

एकेकाळी अनेक परिमंडळांत दहा-दहा कंपन्या ग्राहकांमागे धावत होत्या. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गैरमार्गाने वाटलेले 122 परवाने रद्द केले. सप्टेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओ बाजारात उतरली आणि मार्च 2017 अखेरपर्यंत तिने फुकट सेवा दिली. इतका तोटा सोसण्याची कुवत ज्यांच्यापाशी नव्हती, ते एकामागून एक कोसळले. 2018 मध्ये एअरसेलने दिवाळखोरीचा अर्ज केला. रिलायन्स कम्युनिकेशन्सने आपली आवाजसेवा 2017 च्या अखेरीसच गुंडाळली होती. टेलिनॉरचा भारतातील व्यवसाय मे 2018 मध्ये, तर टाटांची मोबाइल सेवा जुलै 2019 मध्ये एअरटेलने पोटात घेतली. देशभर व्याप असलेल्या खाजगी कंपन्या तीनच उरल्या. आणि त्यांपैकी दोघींच्या हाती देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक ग्राहक एकवटले.

स्वस्ताई आणि तिची वसुली

मक्तेदारीचे समर्थक म्हणतात: भारतात मोबाइलचे दर जगातील सर्वांत कमी दरांपैकी आहेत, मग तक्रार कसली? 2016 नंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि गरिबाच्या हाती प्रथमच इंटरनेट आले, ही वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही स्वस्ताई भांडवलदारांच्या दानतीतून आली नव्हती. बाजार काबीज करण्याच्या लढाईतून आली होती. लढाई संपताच तिचा खर्च कोणाकडून वसूल होऊ लागला, हे पुढील तारखाच सांगतात.

डिसेंबर 2019 च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. काही योजनांतील वाढ 40 टक्क्यांपर्यंत होती. 2021 मध्ये व्होडाफोन आयडियाची वाढ 25 नोव्हेंबरला, एअरटेलची 26 नोव्हेंबरला आणि जिओची 1 डिसेंबरला अमलात आली. ही वाढ बव्हंशी 20 ते 25 टक्क्यांची होती. 2024 मध्ये जिओ आणि एअरटेल यांनी 3 जुलैला, तर व्होडाफोन आयडियाने 4 जुलैला दर चढवले; या खेपेस वाढ सुमारे 10 ते 27 टक्के होती. दहा विक्रेत्यांच्या बाजारात एकाने भाव चढवला, तर ग्राहक दुसऱ्याकडे जातो. तिघांच्या बाजारात एकाने भाव चढवला, की उरलेले दोघे तोच कित्ता गिरवतात. यासाठी बंद दाराआड कट करण्याचीही गरज उरत नाही. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय 2011 पासून देशभर आहे. परंतु सर्व दुकानांत एकच भाव असेल, तर दुकान बदलून काय साधणार?

या वाढीचा सर्वांत मोठा घाव तळच्या ग्राहकावर पडला. पूर्वी फोनवर थोडी शिल्लक असली, तरी येणारे कॉल महिनोन् महिने सुरू राहत. 2018 च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी दर 28 दिवसांना किमान 35 रुपयांचे रिचार्ज सक्तीचे केले. जुलै 2024 च्या वाढीनंतर एअरटेलची 28 दिवसांची सर्वांत स्वस्त योजना 199 रुपयांवर गेली. तिच्यासोबत ग्राहकाला इंटरनेट आणि अमर्याद कॉल मिळतात हे खरे. पण ज्याला फक्त मुकादमाचा फोन घ्यायचा आहे आणि गावाकडे चार शब्द बोलायचे आहेत, त्याने ते मागितले होते काय? शिवाय हिशेब 28 दिवसांचा असल्यामुळे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. 35 रुपयांच्या काळात फोन चालू ठेवण्याचा वर्षाचा किमान खर्च 455 रुपये होता. 199 रुपयांच्या हिशेबाने तो 2,587 रुपये होतो. घरात दोन फोन असतील, तर पाच हजारांवर. केवळ बोलण्यापुरत्या योजना द्याव्यात, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये काढला. कंपन्यांनी तो कागदोपत्री पाळला. परंतु 84 दिवसांच्या अशा योजनेचा दर साडेचारशे रुपयांच्या आसपास ठेवला. रोजंदारीवर जगणाऱ्याने तीन महिन्यांचे पैसे एकदम कोठून काढावेत?

कंपन्यांना मात्र चिंता नाही. सप्टेंबर 2019 च्या तिमाहीत एअरटेलला एका ग्राहकामागे दरमहा सरासरी 128 रुपये मिळत होते. डिसेंबर 2024 च्या तिमाहीत हा आकडा 245 रुपये झाला. याच काळात बाजारातील हमालाची मजुरी किंवा कंत्राटी कामगाराचा रोज अशाच गतीने वाढला काय, याचे उत्तर कोणाही कष्टकऱ्याला ठाऊक आहे.

बाजारात स्पर्धक, न्यायालयात भागीदार

विलीनीकरणाने सेवा सुधारते, मनोरे वाढतात, असे सांगितले जाते. व्होडाफोन आयडियाचे उदाहरण या दाव्याची परीक्षा घेण्यास पुरेसे आहे. विलीनीकरणाच्या दिवशी तिच्याकडे 40 कोटींहून अधिक ग्राहक होते आणि ती देशातील सर्वांत मोठी कंपनी ठरली होती. पुढील सहा-सात वर्षांत त्यांतील जवळपास निम्मे ग्राहक तिला सोडून गेले. कर्जाच्या ओझ्याखाली मनोऱ्यांवरील गुंतवणूक आखडली, सेवा ढासळली, आणि ग्राहकांचा लोंढा उरलेल्या दोन कंपन्यांच्या पदरात पडला. दोन आजारी शरीरे एकत्र बांधल्याने एक निरोगी शरीर तयार झाले नाही. तिसऱ्या आणि पहिल्या क्रमांकातील दरी तेवढी वाढली.

मध्येच तुटणाऱ्या कॉलबद्दल ग्राहकाला एक रुपया भरपाई मिळावी, असा नियम नियामक प्राधिकरणाने 1 जानेवारी 2016 पासून लागू केला होता. त्याविरुद्ध सर्व कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली आणि 11 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. बाजारात एकमेकींच्या गळ्याशी आलेल्या कंपन्या ग्राहकाला एक रुपया देण्याची वेळ येताच एका रांगेत उभ्या राहिल्या. स्पर्धेच्या काळातच ही एकजूट होती. तिघीच उरल्यावर ग्राहकाने दाद कोठे मागावी?

तोटा जनतेचा, ताबा भांडवलदारांचा

या साऱ्यात राज्यसंस्थेने कोणती भूमिका बजावली? 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एका परिमंडळात 50 टक्क्यांपर्यंत बाजारहिस्सा असलेल्या विलीनीकरणास मुभा दिली. व्होडाफोन-आयडियाच्या सौद्याला स्पर्धा आयोगाने जुलै 2017 मध्ये मान्यता दिली. दूरसंचार विभागाने जुलै 2018 मध्ये घातलेली मुख्य अट सरकारी देण्यांपोटी सात हजार कोटींहून अधिक रुपयांची रक्कम आणि हमी यांची होती. सरकारने आपल्या येण्याची काळजी घेतली. तळच्या ग्राहकाच्या दराला मर्यादा घालण्याची काळजी कोणी घेतली नाही. जुलै 2024 च्या दरवाढीवर ओरड झाली, तेव्हा दर बाजार ठरवतो, सरकार त्यात हस्तक्षेप करत नाही, असे अधिकृत उत्तर मिळाले.

कंपनी बुडू लागली, तेव्हा मात्र हस्तक्षेप न करण्याचे हे तत्त्व विसरले गेले. व्होडाफोन आयडियाकडील 16,133 कोटी रुपयांच्या येण्याचे सरकारने 2023 मध्ये शेअर्समध्ये रूपांतर केले. 2025 मध्ये आणखी 36,950 कोटींचे केले. जनतेच्या मालकीचा हिस्सा जवळजवळ 49 टक्के झाला. आणि तरीही कारभार खाजगी प्रवर्तकांकडेच राहिला. 49 टक्क्यांपलीकडे जाणार नाही, असे सरकारने जाहीर करून टाकले. दर कमी ठेवण्यासाठी सरकारी हस्तक्षेप निषिद्ध आणि भांडवलदारांचे देणे हलके करण्यासाठी तोच हस्तक्षेप आवश्यक, असा हा न्याय आहे!

सार्वजनिक क्षेत्राचा अंकुश

खाजगी कंपन्यांना वेसण घालणारी शक्ती देशात नव्हती असे नाही. 2000 मध्ये स्थापन झालेली भारत संचार निगम 2002 मध्ये मोबाइल सेवेत उतरली आणि दरांवर तिचा दाब पडू लागला. 1 मार्च 2006 पासून तिने देशात कोठेही एक रुपयात एक मिनिट बोलण्याची योजना आणली. यशवंतपूरहून नाशिकला किंवा सोलापूरला बोलणे शेजारच्या गल्लीत बोलण्याइतके सुलभ झाले, त्यामागे या सार्वजनिक उपक्रमाचा मोठा वाटा आहे. त्याला पुढे काय मिळाले? खाजगी कंपन्या चौथ्या पिढीच्या सेवेवर गब्बर होत असताना निगमला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले गेले. 2020 मध्ये यंत्रसामग्रीची निविदा रद्द झाली. त्याच वर्षाच्या आरंभी सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेले. अखेर देशी बनावटीच्या चौथ्या पिढीच्या जाळ्याचे देशव्यापी उद्‌घाटन 27 सप्टेंबर 2025 रोजी झाले, तेव्हा खाजगी कंपन्या पाचव्या पिढीच्या सेवेची तीन वर्षे पूर्ण करीत होत्या.

तरीही जनतेने आपला कौल दिला आहे. जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि दर न वाढवणाऱ्या निगमला एका महिन्यात सुमारे 29 लाख नवे ग्राहक मिळाले. ज्या बेंगळुरूत 1948 मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला आणि त्याने अनेक दशके देशाला टेलिफोन पुरवले, त्या शहराला सार्वजनिक क्षेत्राच्या कुवतीचा पुरावा बाहेरून आणण्याची गरज नाही.

परदेशचा अनुभव

हा प्रश्न भारतापुरता मर्यादित नाही. ऑस्ट्रियात 2013 च्या आरंभी चार कंपन्यांच्या तीन झाल्या. त्यानंतर ग्राहकांचे दर वाढले, असा निष्कर्ष तेथील अधिकृत यंत्रणांनी काढला. ब्रिटनमधील थ्री आणि ओटू यांचे विलीनीकरण युरोपीय आयोगाने मे 2016 मध्ये रोखले. पुढे व्होडाफोन आणि थ्री यांना तेथे एकत्र येऊ दिले गेले, ते डिसेंबर 2024 मध्ये. तेही जाळ्यावर गुंतवणुकीचे बंधन घालून आणि काही योजनांचे दर तीन वर्षे गोठवण्याच्या अटीवर. भांडवलशाहीची माहेरघरे असलेल्या देशांत जी अट घालता येते, ती भारतात का घालता येऊ नये?

स्पेक्ट्रम ही कोणा भांडवलदाराची वडिलोपार्जित इस्टेट नव्हे; ती राष्ट्राची संपत्ती आहे. तिच्या वापराच्या अटी ठरवण्याचा अधिकार जनतेचा आहे. केवळ बोलण्यापुरत्या मूलभूत सेवेच्या दराला नियामक प्राधिकरणाने कमाल मर्यादा घालावी. 28 दिवसांचा महिना बंद करून तो पंचांगाप्रमाणे मोजावा. पैसे संपले तरी येणारे कॉल किमान तीन महिने सुरू राहावेत. यापुढील प्रत्येक विलीनीकरणापूर्वी परिमंडळनिहाय जाहीर सुनावणी व्हावी. आणि भारत संचार निगमला मनोरे, माणसे व निधी यांचे पुरेसे बळ द्यावे. यांतील एकही मागणी अवाजवी नाही. यशवंतपूरचा हमाल, पीण्याचा कंत्राटी कामगार आणि नाशिकचा कांदा उत्पादक यांची भाषा निराळी असेल, पण दर 28 दिवसांनी त्यांच्या खिशाला लागणारी कात्री एकच आहे. ती थांबवायची, तर कंपन्यांच्या सद्‌बुद्धीची वाट पाहून भागणार नाही. कामगार संघटना, शेतकरी आणि ग्राहक यांनी हा प्रश्न एकजुटीने हाती घेतला पाहिजे.