भाताचा काय गुन्हा?

बालमित्रांनो,

टाकवे बुद्रुक हे आंदर मावळातलं गाव. पावसाळ्यात तिकडे गेलात तर जिकडेतिकडे भातखाचरं दिसतील. तुम्ही आवडीने खाता तो 'इंद्रायणी' तांदूळ याच तालुक्यातला बरं का! वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ या जातींच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला.

आता कल्पना करा, अशा भाताच्या गावातली आठवीतली एक मुलगी. वर्गात कुणीतरी तिला 'जाडी' म्हणालं. त्या दिवसापासून तिने भात सोडला. डबाही तसाच घरी परत येऊ लागला. संध्याकाळी मात्र भूक आवरेना, मग चिक्कीचे चार तुकडे एकदमच फस्त! आणि रात्री डोळ्यांत पाणी, 'मी खादाड आहे.' दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास.

ती खादाड नाही हं! दिवसभर उपाशी ठेवलेल्या पोटाने आपला हक्क मागितला, एवढंच. तुमच्या वयात हाडं, स्नायू, रक्त सगळंच वाढत असतं. उंची वाढण्याआधी काहींचं अंग भरतं. हे वाढीचंच लक्षण आहे. भाताने ताकद मिळते, डाळ-उसळीने अंग घडतं, भाजी-फळांचं काम आणखी वेगळं. भुकेइतकं घ्या, सावकाश जेवा, पोट भरलं की थांबा. सणाला पुरणपोळी खाल्लीत तर मजेत खा, नंतर मनाला लावून घेऊ नका.

व्यायामाचंही तसंच. उशीर झाला, मारा मैदानाला फेऱ्या! दंगा केला, काढा उठाबशा! मग व्यायाम म्हणजे शिक्षा असंच वाटणार ना? लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम संस्था सुरू केली. आसनांनी, प्राणायामाने शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासलं. व्यायाम करताना असंच कुतूहल हवं : दम किती वेळाने लागतो? पाठ किती वाकते? रोज साधारण तासभर अंग हलायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास कबड्डीत, सायकलवर, दोरीच्या उड्यांत कधी संपतो ते कळतही नाही!

आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. 'किती खातोस!', 'आता पोळी पुरे, पोट सुटलंय' हे ताटावर बोलू नका. मूल सारखं जेवण टाळत असेल, चक्कर येत असेल, तर न रागावता डॉक्टरांकडे न्या.

आणि मित्रांनो, या आठवड्यात एवढं करा : कुणालाही 'जाड्या' किंवा 'काडी' म्हणायचं नाही. डबा मित्रांबरोबर बसून संपवायचा. आणि रोज एक असा खेळ खेळायचा, की आईला हाक मारून घरी बोलवावं लागेल!

तुमची,
ताई