पंढरपूरचे हुसेन आणि आमच्या वर्गातली म्हैस

मागच्या वर्षी सहावीच्या वर्गाला 'माझा आवडता प्राणी' असा चित्राचा विषय दिला होता. बहुतेकांनी ससा नाहीतर मोर काढला. एकाने मात्र म्हैस काढली, आणि तिची शिंगं पार पाठीवर नेली, तलवारीसारखी. मी म्हणालो, "अरे, एवढी लांब शिंगं असतात का कुठं?" भिंतीवरचा प्राण्यांचा तक्ता दाखवला. त्याने काही न बोलता खोडरबर घेतलं आणि शिंगं आखूड केली.

पोराच्या घरी पंढरपुरी म्हशी आहेत, हे मला आठवड्याने कळलं. या जातीची ओळखच मुळी तिची लांब, मागे खांद्याच्या पलीकडे गेलेली शिंगं. आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्याचं नाव लावणारी म्हैस, आणि ती मास्तरला ठाऊक नाही! पोराने डोळ्यांनी पाहून काढलं होतं, मी तक्ता पाहून दुरुस्त केलं.

त्याच पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. लहानपणीच आई गेली आणि पुढे वडिलांबरोबर ते इंदूरला गेले. मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरलं, लहान मुलांसाठी लाकडी खेळणीही बनवली. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. १९५५ मध्ये 'जमीन' या चित्राला ललित कला अकादमीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. या चित्रात काय आहे? गावचं जगणं.

पण लोकांना हुसेन म्हटलं की घोडा आठवतो. तो आला कुठून, हे पोरांना जरूर सांगावं. मोहरमच्या मिरवणुकीत दुलदुल घोडा निघतो, तो त्यांनी लहानपणी पाहिलेला. पुढे १९५२ च्या सुमारास ते चीनला गेले, तिथे तांग काळातले मातीचे घोडे पाहिले. त्यांचा घोडा पाहा : मान जाड, मागे फेकलेली, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड उघडं, पाय दोन-चार फटकाऱ्यांत. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात असा घोडा सापडायचा नाही. तरी धावतोय हे लगेच कळतं. माझ्यासारख्याने तिथेही विचारलं असतं, "एवढी जाड मान असते का कुठं?"

हुसेन यांच्या काही चित्रांवरून मोठे वाद झाले. २००६ नंतर ते देशाबाहेरच राहिले, कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले. त्यामुळे काही पालकांना वर्गात त्यांचं नाव नको वाटतं. त्यांची नाराजी मी समजू शकतो. मी मुलांपासून वाद लपवत नाही. पण पंढरपूरचा एक माणूस घोडे कसे पाहायचा, एवढं सहावीच्या पोराला कळायला हरकत नसावी.

आपल्या पोरांना घोडे बघायला लांब जावं लागत नाही. आषाढीच्या आधी बाजीराव विहिरीजवळ माउलींच्या पालखीचं रिंगण होतं. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी नाही. ते सुटतात तेव्हा सगळा जमाव टाचा उंचावतो. कार्तिकीला वाखरीत जनावरांचा बाजार, संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा. नान्नजला काळविटांचे कळप. आणि एवढं असून आपण चित्रकलेच्या तासाला काय देतो? मोबाईलवरून उतरवून घेतलेला ससा.

रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. पाहिलेलं आठवून काढायचं, हा त्याचा सरळ अर्थ. पण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आपण बाजाराचं, जत्रेचं तयार चित्र मुलांकडून घोटून घेतो. त्यात माणसंही ठरलेली, बैलही ठरलेला. पालकही विचारतात, "सर, बी ग्रेड तरी येईल ना?" त्यांचं चुकतं असं नाही, गुण लागतातच. पण वर्षातले दोन-तीन तास तरी मुलांना गोठ्यात नाहीतर टांग्याच्या घोड्यासमोर बसवावं, असं माझं मत आहे. आणि चित्र विचित्र वाटलं तर दुरुस्त करण्याआधी "हे कुठं पाहिलंस रे?" एवढं विचारावं. मी ते विचारलं नव्हतं.

नंतर त्या पोराला म्हटलं, "तुझ्या म्हशीचं शिंग मोजून आण बरं." दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून सुतळीचं भेंडोळं काढलं. शिंगाच्या वळणावरून लावून, बरोबर टोकाशी कापलेलं. टेबलावर सरळ केलं. माझी फूटपट्टी पुरली नाही. तो म्हणाला, "सर, ही धाकटी म्हैस आहे. मोठी मोजू देत नाही."