दोन पाकळ्यांची झडप

खडवलीस येऊन ज्यांनीं भातसा नदी पाहिली आहे, त्यांस तिचीं वळणें आठवत असतील. नदी वळते तेथें पाण्याचा लोट समोरच्या कांठावर आदळतो. वर्षानुवर्षें तो कांठ आंतून पोखरला जातो आणि एखाद्या श्रावणांत वरची दरड अकस्मात् ढासळते. लोक म्हणतात, ‘काल कांठ कोसळला.’ वस्तुतः तो कित्येक वर्षें खचतच होता. काल तो लोकांस दिसला इतकेंच. यंदा आमच्या घरीं जो प्रसंग आला, त्यामुळें हा कांठ आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. म्हणून या महिन्यांत व्याकरण व सुभाषितें बाजूस ठेवून आम्ही वाचकांशीं हृदयाविषयीं चार शब्द बोलणार आहों.

गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या बंधूंस जिना चढतांना धाप लागूं लागली. वय अवघें ५२. व्यसन कसलेंहि नाहीं. डॉक्टरांनीं छातीस नळी लावली, तों ठोक्यांच्या मध्यें एक निराळाच घरघरता ध्वनि ऐकूं आला. पुढें ‘टू-डी इको’ नांवाची तपासणी झाली. तींत ध्वनिलहरींच्या साहाय्यानें हृदयाचें चालतें चित्र पडद्यावर दिसतें. सुईहि टोंचावी लागत नाहीं. चित्रांत असें दिसलें कीं, महाधमनीच्या तोंडाशीं असलेल्या झडपेस तीन पाकळ्यांऐवजीं दोनच आहेत आणि तीवरील महाधमनी फुगून ५.६ सेंटिमीटर रुंद झाली आहे. शस्त्रक्रिया मुंबईस झाली. ईश्वरकृपेनें व शल्यविशारदांच्या कौशल्यानें ते आज अंगणांत फेऱ्या घालीत आहेत. परंतु घरीं परततांना डॉक्टरांनीं विचारलें, ‘यांच्या सख्ख्या भावाबहिणींची व मुलांची तपासणी झाली आहे काय?’ त्या प्रश्नानें आमच्या घराची खरी परीक्षा सुरू झाली.

ती सांगण्यापूर्वीं विषय थोडा उकलून सांगतों. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यांतून शुद्ध रक्त ज्या थोर वाहिनींत शिरतें, ती महाधमनी. तिच्या तोंडाशीं अर्धचंद्राकृति तीन पाकळ्यांची झडप असते. ती दिवसांतून सुमारें एक लाख वेळां उघडते व मिटते. शंभर माणसांत एकदोघांची ही झडप जन्मतःच दोन पाकळ्यांची असते. हृदयाच्या जन्मजात दोषांत हा सर्वांत अधिक आढळणारा दोष असून स्त्रियांपेक्षां पुरुषांत तो जास्त दिसतो. आपल्याकडे झडपेचा विकार म्हटला कीं लहानपणीं घसा बिघडून पुढें येणारा सांध्यांचा ताप आठवतो. तो विकार मागाहून जडलेला. हा गर्भांतच घडलेला. कित्येकांचें सारें आयुष्य या दोषाची वार्ताहि न लागतां सुखानें जातें. कांहींच्या बाबतींत मात्र उतारवयाकडे पाकळ्यांत चुना सांचून झडप ताठ होते, किंवा ती नीट न मिटल्यामुळें रक्त मागें झिरपतें.

आतां झडपेच्या दोषानें धमनी कां फुगावी? याचीं दोन कारणें सांगतात. पहिलें आमच्या नदीचेंच. दोन पाकळ्यांची झडप सरळ न उघडतां तिरपी उघडते. रक्ताचा झोत महाधमनीच्या एकाच अंगावर आदळतो आणि ती बाजू हळूहळू सैल पडते. दुसरें कारण मातीचें. गर्भावस्थेंत ही झडप आणि महाधमनीचा आरंभीचा भाग यांच्या घडणींत एकाच मूळ समूहांतील पेशी भाग घेतात. तेव्हां जेथें झडप सदोष, तेथें भिंतीचे लवचीक तंतुहि पुष्कळदां दुबळे असतात. कांहीं रोग्यांची झडप बदलल्यावरहि धमनी फुगतच राहते. कांहीं नातलगांची झडप निर्दोष असूनहि धमनी रुंद आढळते. यावरून केवळ पाण्यास किंवा केवळ मातीस बोल लावतां येत नाहीं. दोन्ही मिळून कांठ खचवितात.

प्रौढ माणसाची महाधमनी आरंभीं साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर रुंद असते. ती ५.५ सेंटिमीटरपर्यंत गेली म्हणजे शस्त्रक्रियेचा सल्ला देतात; घराण्यांत कोणाची धमनी फाटल्याचा इतिहास असेल किंवा दुसरा धोका असेल, तर ५ सेंटिमीटरलाच. कारण फुगवटा वाढला कीं आंतील अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांत घुसण्याचें भय असतें. त्या वेळीं छातींत किंवा पाठींत फाडल्यासारखी कळ एकदम येते. ती पित्ताची समजून ओवा चघळीत बसूं नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि घराण्यांतील दोष डॉक्टरांस आधीं सांगावा. हृदयविकाराच्या झटक्यांत रक्ताची गुठळी विरघळविणारें जें औषध तारक ठरतें, तेंच येथें मारक होऊं शकतें.

१९६८ सालीं लंडनचे ह्यू बेंटॉल यांनीं झडप व धमनीचें मूळ दोन्ही एकदम बदलण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. तो रोगी कांहीं तासच जगला, पण वाट पडली. म्हणजे उपाय आहेत. उणीव असते ती वेळेवर कळण्याची.

आणि कळावें कसें? हा दोष पुष्कळदां घराण्यांतून उतरतो. रोग्याच्या सख्ख्या नातलगांपैकीं दहांत सुमारें एकास तो आढळतो. २००५ सालीं ‘नॉच-१’ नांवाच्या जनुकांतील बिघाड कांहीं कुटुंबांत याच्या मुळाशीं असल्याचें उघडकीस आलें. बहुतेक घराण्यांत मात्र असें एकच कारण हातीं लागत नाहीं. बीजाचा जो अंश दूषित, त्यापासून होणारा अवयव संततींत विकृत होतो, हा विचार चरकसंहितेच्या शारीरस्थानांत आहेच. त्यांत आईचें पाप नाहीं, बापाचा अपराध नाहीं, कोणाची दृष्टहि नाहीं.

हें सारें समजूनहि आमच्या घरांत काय घडलें? बंधूंच्या कन्येच्या विवाहाचें बोलणें चाललें होतें. भावजय आम्हांस म्हणाली, ‘दादा, कार्य उरकूं द्या, मग काय तें पाहूं. एकदां नांव झालें कीं पोरीला कोण करील?’ आणि लाजेची गोष्ट ही कीं, ज्या आम्हीं जन्मभर वर्गांत सत्याचे धडे दिले, त्या आम्हींच मान डोलावली. आठ दिवस आम्ही गप्प राहिलों. नवव्या रात्रीं झोंप लागेना. १९७१ सालीं आमचे वडील नदीवरून स्नान करून ओल्या पंचानें परतले, दोन्ही खांद्यांच्या मध्यें हात नेऊन ओसरीवर बसले, ते पुन्हां उठले नाहींत. आम्ही बारा वर्षांचे होतों. ‘हृदय बंद पडलें’ असें सर्वांनीं म्हटलें. तें काय होतें हें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं. पण कोणी विचारलेंच नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. आणि आतां विचारणारा भेटला असतां न बोलणारे आम्ही होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं भावजयीची क्षमा मागितली आणि घरांतील नऊ माणसें घेऊन कल्याणास तपासणीसाठीं गेलों. आमचें हृदय निर्दोष निघालें, कन्येचेंहि. परंतु बंधूंच्या थोरल्या चिरंजीवांची झडप दोन पाकळ्यांची निघाली आणि महाधमनी ४.१ सेंटिमीटर. वय २४. हा मुलगा रोज व्यायामशाळेंत श्वास कोंडून मणामणाचीं वजनें उचलीत होता. आतां वजनें सुटलीं. चालणें व पोहणें राहिलें. रक्तदाब काबूंत ठेवणें, तंबाखूस न शिवणें, दांत निरोगी राखणें आणि दर वर्षीं इको करणें, एवढें व्रत त्यास लागलें आहे. ज्या सुनालेकींची धमनी रुंद असेल, त्यांनीं गर्भधारणेपूर्वींच हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, हेंहि येथेंच सांगून ठेवतों.

मग आम्हीं स्वतः जाऊन वरपक्षास सर्व सांगितलें. मुलीची निर्दोष तपासणीहि दाखविली. पंधरा दिवसांनीं त्यांचा नकार आला. भावजय त्या दिवशीं जेवली नाहीं. आम्हांसहि तिला काय सांगावें तें सुचलें नाहीं. संध्याकाळीं मात्र ती उठली, दिनदर्शिका काढून तिनें मुलाच्या पुढील इकोचा महिना कुंकवानें खुणावला, आणि आम्हांस म्हणाली, ‘दादा, तुमच्या बहिणींच्या मुलांचें अजून राहिलें आहे. पत्र आजच घाला.’

तें पत्र आम्हीं त्याच रात्रीं घातलें. ज्या वाचकांच्या घरीं कोणाची झडप अशी निघाली असेल, त्यांनींहि आपलीं पत्रें घालावींत.