व्यवहारशुद्धी : पाचशे तासांची सही



औषधांचा किरकोळ व घाऊक व्यापार करणारी घराणी आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्या घरांतील मुले-मुली बारावीनंतर स्वाभाविकच फार्मसीकडे वळतात. कुणी दोन वर्षांची पदविका घेतो, कुणी विद्यापीठाची चार वर्षांची बी. फार्म. पदवी. परंतु या शिक्षणाची जात निराळी आहे. नुसत्या पदवीने येथे काम भागत नाही. राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागल्यावरच त्या विद्येने व्यवसाय करता येतो. समाजाने आपला जीव ज्याच्या हाती सोपवावा, अशांची ती यादी आहे. म्हणून अशा विद्यार्थ्याकडून गुणांइतकीच आचाराचीही अपेक्षा असते.

पदविकेच्या विद्यार्थ्याला परीक्षेनंतर किमान तीन महिन्यांच्या अवधीत किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. रोज आठ तास धरले तरी हे बासष्ट-त्रेसष्ट दिवसांचे काम झाले. ते पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र प्रशिक्षण देणाऱ्याने सहीनिशी द्यायचे असते. नेमक्या या ठिकाणी घराघरांत एक वाक्य सहज उच्चारले जाते : “दुकान आपलेच आहे, सही घेऊन टाकू.” मुलगा त्या महिन्यांत पुढच्या प्रवेशाच्या तयारीत असतो, मुलगी लग्नकार्यात गुंतलेली असते, आणि कागदावर मात्र पाचशे तास भरतात. कुणाचे काही बिघडले, असे कुणालाच वाटत नाही.

बिघडते ते रोग्याचे. डॉक्टरांची दुर्बोध चिठ्ठी वाचणे, सारख्या नावांच्या दोन औषधांतील भेद ओळखणे, इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानातच राहिले आहे याची खात्री करणे, हे पुस्तकातून पूर्णपणे येत नाही. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीतील औषधांसाठी वेगळी वही ठेवावी लागते. त्यात डॉक्टर, रोगी, औषध व त्याचे प्रमाण नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. अनेक प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधे या यादीत आहेत. ही वही महिनाअखेरीस अंदाजाने भरण्याची सवय ज्याला शिकतानाच लागली, तो पुढे ती खरी ठेवील कशी?

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन तर जणू या विद्यार्थ्यांसाठीच आहेत. पहिला मिथ्योपदेश : ज्याचे ज्ञान नाही, त्याविषयी सल्ला देणे. “दोन गोळ्या अधिक घ्या, लवकर उतरेल” असे सहज बोलून जाणारा शिकाऊ तरुण या दोषाला पात्र होतो. दुसरा रहोभ्याख्यान : दुसऱ्याचे गुपित उघड करणे. आपल्या गावांत सारेच एकमेकांचे आप्त. कुणाच्या सुनेला कोणते औषध चालू आहे, कुणाचा मुलगा मनोविकारतज्ज्ञाकडे जातो, हे गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला चिठ्ठीवरून कळते. ती गोष्ट घरच्या जेवणावळीत निघाली, की एखादे ठरत आलेले स्थळ मोडू शकते. तिसरा कूटलेखक्रिया : खोटा लेख करणे. न घेतलेल्या पाचशे तासांची सही याहून वेगळी काय आहे?

आपल्या शास्त्रकारांनी दोषाच्या चार पायऱ्या मानल्या आहेत : अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार व अनाचार. मनात आलेली गोष्ट हळूहळू हातून कशी घडते, हे त्यांनी ओळखले होते. खोट्या उपस्थितीची ओढ पुढे कोठे नेते, हेही आपण पाहतो. नोंदणी झालेला तरुण आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात टांगण्यासाठी भाड्याने देतो, स्वतः मात्र तेथे फिरकतही नाही. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे, ही १९४५ च्या औषध नियमावलीची व १९४८ च्या फार्मसी कायद्याची अपेक्षा तेथे कागदावरच उरते.

ब्रिटनमध्ये वैद्यक, परिचर्या, फार्मसी व समाजकार्य शिकणाऱ्यांना ‘व्यवसायास योग्य’ राहण्याची अट विद्यार्थिदशेतच लागू होते. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांच्या मुलांनाही ती पाळावी लागते. महाविद्यालयाबाहेरील वर्तनही तपासले जाते आणि गंभीर प्रसंगी विद्यापीठ विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून काढू शकते. अप्रामाणिकपणा तेथे फार गंभीर मानतात. मात्र विद्यार्थ्याला आपला दोष कळला आहे काय आणि त्याने सुधारणा केली आहे काय, हेही पाहिले जाते. नित्य प्रतिक्रमण करणाऱ्यास ही दृष्टी परकी वाटू नये.

काही पालक म्हणतील, मुलांवर अभ्यासाचा भार आधीच मोठा आहे. तो आहेच. मुलाला खरोखर सवड नसेल, तर प्रशिक्षण लांबवावे, नोंदणी काही महिन्यांनी करावी. तेवढ्याने घराण्याचे नुकसान होत नाही. पण वडिलांनी खोटी सही केली, तर मुलगा त्या दिवशी एक धडा शिकतो, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला असतो. शक्य असल्यास प्रशिक्षण घरच्या दुकानाऐवजी परक्या औषधालयात वा रुग्णालयात घ्यावे. तेथे मालकाचा मुलगा म्हणून सूट मिळत नाही.

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाचे पस्तीस गुण सांगताना प्रारंभ न्यायसंपन्न विभवापासून, म्हणजे न्यायाने मिळविलेल्या संपत्तीपासून केला. ज्ञान हीही संपत्तीच आहे, आणि तिलाही तोच नियम लागतो. येत्या परीक्षेनंतर ज्या घरांत प्रशिक्षणाचा कागद सहीसाठी येईल, तेथे वडीलधाऱ्यांनी लेखणी उचलण्यापूर्वी मुलाला एकच विचारावे : “या पाचशेपैकी किती तास तू खरोखर उभा होतास?” उत्तर मिळेल तेवढेच तास लिहावेत आणि उरलेले भरण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दुकानात पाठवावे.